यादीबाहेरची नशा

परळीच्या वैजनाथाला महाशिवरात्रीच्या दिवशीं जीं पानेंफळें वाहिलीं जातात, त्यांत बेलाचें पान असतें, धोतऱ्याचें कांटेरी फळ असतें, आणि क्वचित् भांगेचें पानही असतें. एखादा बैरागी झाडाखालीं चिलीम ओढीत बसलेला असला, तर त्या चिलमींत बहुधा गांजा असतो. भाविकाच्या दृष्टीनें हा सारा एकाच देवाचा परिवार आहे. कायदा मात्र या चार वस्तूंकडे चार निरनिराळ्या दृष्टींनीं पाहतो. बेलाशीं त्याला कांहीं कर्तव्य नाहीं. धोतरा उकिरड्यावर आपोआप उगवतो. त्याचें झाड परसांत आहे म्हणून कोणावर खटला होत नाहीं, आणि तरीही या चारांत प्राणाला सर्वांत अधिक धोका त्याच्याच बियांत आहे. भांगेच्या पानावर राज्याच्या दारूबंदी कायद्याचा अंमल चालतो. गांजाच्या फुलोऱ्यावर केंद्र सरकारचा १९८५ चा कडक कायदा लागू होतो. भांग व गांजा हीं तर एकाच झाडाचीं दोन अंगें. पान खुडलें तर एक कायदा, फुलोरा खुडला तर दुसरा!

ही गोष्ट नुसत्या कुतूहलाची नाहीं. बीड, अंबाजोगाई किंवा माजलगांवच्या एखाद्या सुशिक्षित घरांत मुलाच्या दप्तरांत चकचकीत पुडी, गोड वासाची काळी गोळी किंवा फौंटनपेनच्या आकाराची वाफेची नळी सांपडते. आई विचारते, हें काय? मुलगा सांगतो कीं, यांत वावगें कांहीं नाहीं, हें उघड मिळतें, यावर बंदी नाहीं. पानपट्टीवालाही तेंच सांगतो. हें उत्तर पुष्कळदां खोटें असतें, कांहीं वेळां अर्धें खरें असतें, आणि कधीं कधीं (पालकांना हें चमत्कारिक वाटेल) तें अक्षरशः खरें असतें. कायद्यानें ज्या पदार्थाचें नांव घेतलेलें नाहीं त्याबद्दल शिक्षा नाहीं. आणि कायदा नांव घेतो तें बहुधा पदार्थ गल्लोगल्ली पोंचल्यावर. असें कां होतें हें समजण्यासाठीं या जिल्ह्यानें गेल्या सव्वाशें वर्षांत कोणकोणते कायदे पाहिले, तें क्रमानें पाहिलेलें बरें.

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत बीड हा निजामाच्या हैदराबाद संस्थानचा जिल्हा होता. संस्थानचा अबकारी कायदा १३१६ फसलीचा, म्हणजे इसवी सन १९०६-०७ चा. मादक द्रव्यांचा कायदा १३३३ फसलीचा, म्हणजे १९२३-२४ चा. दोन्ही कायद्यांचा मुख्य रोख महसुलावर होता. शिंदी व दारू विकण्याचा हक्क गुत्त्यानें दिला जाई. मराठवाड्यांत कंत्राटदाराला आजही गुत्तेदार म्हणतात, तो त्याच पद्धतीचा शब्द. गुत्तेदाराच्या दुकानांतून घेतलेली दारू ती रीतसर, आणि शेतांत गाळलेली तीच दारू गुन्ह्याची. फरक काय तो सरकारी देण्याचा. पिणाराचें वय किती, त्याच्या घरीं चूल पेटली कीं नाहीं, हे प्रश्न त्या जमाखर्चांत दुय्यम होते.

सीमेपलीकडे इंग्रजी अमलांतही फारसें वेगळें नव्हतें. आष्टी तालुक्याला लागून असलेल्या तेव्हांच्या अहमदनगर (आतांच्या अहिल्यानगर) जिल्ह्यांत गांजाची लागवड परवान्यानें होत असे. इंग्लंडांत पार्लमेंटांत प्रश्न विचारला गेल्यामुळें १८९३ सालीं हिंदुस्थान सरकारनें भांग, गांजा व चरस यांच्या चौकशीसाठीं एक आयोग नेमिला. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष होते व तीन एतद्देशीय गृहस्थ सभासद होते. आयोगानें १,१९३ साक्षीदारांचें म्हणणें ऐकिलें आणि १८९४ सालीं सात खंडांचा अहवाल सादर केला. माफक सेवनानें विशेष अपाय होत नाहीं, अतिरेकानें होतो, आणि सर्वस्वी बंदी करण्याऐवजीं कर व परवाना यांनीं नियंत्रण ठेवावें, असा त्याचा सारांश होता. हल्लींचे कित्येक तरुण या अहवालाचा आधार मोठ्या उत्साहानें देतात. पण आयोगापुढें आलेला सेवक हा बहुधा कष्टकरी किंवा बैरागी प्रौढ पुरुष होता. पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलाच्या वाढत्या मेंदूवर काय परिणाम होतो, हा प्रश्न त्या काळच्या वैद्यकानें हातीं घेतलेलाच नव्हता. तो पुढें घेतला गेला, आणि किशोरवयांत आरंभ करणारांस अधिक हानि होते असें आजचें वैद्यक सांगतें.

अबकारी म्हणजे राज्याचें उत्पन्न, ही गोष्ट मराठवाड्याच्या लोकांना नीट उमगलेली होती. म्हणूनच १९४७ सालीं हैदराबाद स्टेट काँग्रेसनें भारतांत विलीन होण्यासाठीं लढा सुरू केला, तेव्हां ठिकठिकाणीं सत्याग्रहींनीं कुऱ्हाडी घेऊन शिंदीचीं झाडें तोडलीं. त्यांत मद्यपाननिषेधाची भावना होती, पण मुख्य घाव निजामाच्या तिजोरीवर होता. या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ हे पूर्वाश्रमींचे शिक्षक. अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयाचे ते कांहीं काळ मुख्याध्यापक होते. शाळेंतील मुलांना घडविणारा माणूस आणि शिंदीचें झाड तोडण्यास सांगणारा माणूस एकच असावा, हें या जिल्ह्याच्या इतिहासांतलें एक लक्षांत ठेवण्याजोगें वळण आहे.

संस्थान गेलें, पण त्याचा कायदा लगेच गेला नाहीं. शेजारच्या मुंबई राज्यानें १९४९ चा पंचविसावा अधिनियम म्हणून दारूबंदी कायदा केला. तो १६ जून १९४९ रोजीं अमलांत आला आणि ६ एप्रिल १९५० पासून तेथें संपूर्ण दारूबंदी सुरू झाली. बीड तेव्हां हैदराबाद राज्यांत. नगरच्या माणसाला जें आपल्या गांवीं निषिद्ध, त्यासाठीं सीमा ओलांडून आष्टीच्या बाजूस आला कीं निराळा कायदा. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं राज्यपुनर्रचना झाली व मराठवाडा मुंबई राज्यांत आला. तरीही दारूबंदी कायदा या भागास लागू होण्यास १९५९ चा स्वतंत्र विस्तार-अधिनियम व्हावा लागला. पदार्थ तोच, माणसें तींच. कायदा तेवढा बदलत गेला. पुढें बंदी सैल होऊन परवान्याची पद्धत आली. कायद्याचें नांवही आतां महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम असें झालें आहे. परवान्याच्या या पद्धतींत सौम्य मद्यासाठीं वयाचीं २१ वर्षें व कडक मद्यासाठीं २५ वर्षें पुरीं व्हावीं लागतात. अठराव्या वर्षीं मुलगा मतदार होतो म्हणून त्याला मद्याचीही मोकळीक मिळते, ही समजूत महाराष्ट्रापुरती चुकीची आहे.

दारूबंदीच्या या पहिल्याच वर्षांत एक खटला झाला, आणि आजच्या पालकांना जें कोडें पडतें त्याचें मूळ त्यांत स्वच्छ दिसतें. मुंबईचे एक पारशी गृहस्थ, एफ. एन. बलसारा, यांनीं संपूर्ण कायद्यालाच आव्हान दिलें. ब्रँडी-व्हिस्की तर राहोच, पण मद्यार्क असलेलीं औषधें, औषधी वाइन, यु-डी-कोलन व लव्हेंडरचें पाणी यांवरही सरकारनें हात घातला आहे, असें त्यांचें म्हणणें होतें. सर्वोच्च न्यायालयानें २५ मे १९५१ रोजीं निकाल दिला. दारूबंदी करण्याचा राज्याचा अधिकार न्यायालयानें उचलून धरला. परंतु औषधी व प्रसाधनाच्या पदार्थांत मद्यार्क आहे एवढ्यावरून ते बाळगण्यास व वापरण्यास बंदी करणें अवाजवी आहे, म्हणून तेवढा भाग रद्द ठरविला.

निकाल तर्काला धरूनच होता. आजारी माणसाला टिंक्चर मिळूं नये असें कोणी म्हणेल काय? पण ज्याला नशाच हवी, त्याच्या हातीं त्यामुळें एक दार लागलें. औषधाच्या दुकानांत जी बाटली औषध म्हणून मिळते, ती पिणाऱ्यास कोणत्या कलमाखालीं धरावें? हें दार बंद करण्यासाठीं विधिमंडळानें १९५२ सालीं दुरुस्ती केली. औषधी, प्रसाधनाच्या, जंतुनाशक व स्वादासाठीं वापरावयाच्या ज्या पदार्थांत मद्यार्क असतो, ते 'मादक पेय म्हणून वापरण्यास अयोग्य' असतील तरच त्यांना सूट, असा नियम झाला, आणि कोणता पदार्थ योग्य व कोणता अयोग्य हें सांगण्यासाठीं तज्ज्ञांचें मंडळ नेमण्याची तरतूद झाली. १९५५ सालीं केंद्रानेंही अशा पदार्थांवरील कर आणि त्यांचा आंतरराज्य व्यापार यांसाठीं दोन कायदे केले. म्हणजे बाटलीवर 'औषध' असें लिहिलेलें आहे, म्हणून ती कायदेशीर, ही युक्ति मुंबईंत सत्तर वर्षांमागेंच होऊन गेली होती, व तिला उत्तर शोधण्यांत तीन कायदे खर्ची पडले. अमेरिकेंत व युरोपांत २०१० च्या सुमारास 'स्नानाचें मीठ, मानवी सेवनासाठीं नाहीं' अशा लेबलाच्या पुड्या विकल्या गेल्या, तेव्हां तेथील लोकांना तो नवा शोध वाटला. मुंबईच्या टिंक्चरवाल्यांना तसें खासच वाटलें नसतें.

आतां भांगेकडे पुन्हा वळूं. १९६१ च्या न्यूयॉर्क येथील आंतरराष्ट्रीय करारांत गांजाचा अवैद्यकीय वापर पंचवीस वर्षांत बंद करण्याची हमी होती. पण त्या कराराच्या व्याख्येंतच फुलोऱ्यापासून वेगळीं केलेलीं पानें व बिया वगळलेल्या होत्या. करार पाळण्यासाठीं भारतानें 'गुंगीकारक औषधी द्रव्यें आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम' १९८५ सालीं केला व तो १४ नोव्हेंबर १९८५ पासून सुरू झाला. व्यवहारांत याला त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून एनडीपीएस म्हणतात. त्यांत चरस आला, गांजा आला, पण नुसतें पान आलें नाहीं. पानाचा निर्णय राज्यांवर सोंपविला गेला. परिणाम असा कीं, काशीस किंवा उज्जैनीस सरकारी परवान्याचें भांगेचें दुकान दिसतें, राजस्थानांतही दिसतें. तीच भांग महाराष्ट्रांत परवान्यावांचून बाळगणें वा सेवन करणें हा दारूबंदी कायद्याखालीं गुन्हा आहे. यात्रेहून येतांना गंमत म्हणून आणलेली डबी सातपुड्याच्या अलीकडे आली कीं तिचें स्वरूप बदलतें.

पानपट्टीवर मिळणारी ती गोड काळी गोळी पुष्कळदां याच जातीची असते. तिच्या वेष्टनावर 'आयुर्वेदिक औषध' असें छापलेलें असतें, आणि तें पाहून आजीबाईही निश्चिंत होतात. परंतु औषधें व सौंदर्यप्रसाधनें यांच्या १९४० च्या कायद्याखालील नियमांत आयुर्वेदांतील विषारी द्रव्यांची एक स्वतंत्र अनुसूची आहे. तींत अफू, धोतरा व भांग हीं तिन्ही आहेत, आणि ज्या औषधांत तीं असतील त्यांच्यावर 'वैद्यकीय देखरेखीखालीं घ्यावें' अशी सूचना छापणें बंधनकारक आहे. आयुर्वेदानें जें मात्रेनें व अनुपानानें द्यावयास सांगितलें, तें विड्याबरोबर चघळण्यासाठीं नव्हे.

या सर्वांपेक्षां या जिल्ह्याला अधिक ओळखीची कथा गुटख्याची आहे. महाराष्ट्रांत १ ऑगस्ट २००२ पासून अन्न व औषध प्रशासनाच्या आदेशानें गुटखा व पानमसाला यांवर पांच वर्षांची बंदी आली. कारखानदार न्यायालयांत गेले, आणि २ ऑगस्ट २००४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो आदेश रद्द केला. त्या जुन्या कायद्यानें अशी सरसकट बंदी घालण्याचा अधिकार आयुक्तांना दिलेला नव्हता. पुढें अन्नसुरक्षेचा नवा कायदा २००६ सालीं झाला, आणि अन्नपदार्थांत तंबाखू वा निकोटिन घालतां येणार नाहीं असा नियम २०११ सालीं आला. त्याच्या बळावर जुलै २०१२ मध्यें महाराष्ट्रानें पुन्हा बंदी घातली. ही बंदी एक वर्षाची असते व दर वर्षीं नव्या आदेशानें वाढविली जाते; सुगंधी तंबाखू, सुगंधी सुपारी, खर्रा व मावा हे सर्व तींत घेतले गेले. मधल्या काळांत व्यापाऱ्यांनीं काय केलें? एका पुडींत तंबाखू व दुसऱ्या पुडींत सुपारी अशी फोड केली. कायद्याला जें मिश्रण नको, तें मिश्रण गिऱ्हाइकानें आपल्या तळहातावर करावें! दहा-बारा वर्षांच्या मुलालाही ही कृति येते, आणि बीड-नगरच्या बाजूस तर चुना लावून प्लॅस्टिकच्या कागदांत घोळलेला ताजा मावा हा बंदीपूर्वींचाच परिपाठ आहे.

येथें एक विसंगति सांगितली पाहिजे. अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखूचे पदार्थ विकणें, तसेंच शाळेपासून शंभर यार्डांच्या आंत ते विकणें, हें २००३ च्या केंद्रीय कायद्यानें निषिद्ध आहे; पण त्याबद्दल दंड अवघा दोनशें रुपयांपर्यंत. हा दंड भरून दुकानदार दुसऱ्या दिवशीं पुन्हा दुकान मांडतो, यांत नवल तें काय! तेंच कृत्य २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या ७७ व्या कलमाखालीं नोंदविलें, तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. मुलाला मद्य, तंबाखू, गुंगीकारक द्रव्य वा मनोव्यापारांवर परिणाम करणारा पदार्थ देणारा कोणीही या कलमांत येतो. वैद्याच्या आज्ञेनें दिलेलें औषध तेवढें सुटतें. तक्रार करणाऱ्या पालकानें या कलमाचा आंकडा लक्षांत ठेवावा. गुन्हा कोणत्या कायद्याखालीं लिहिला जातो यावर पुढचें सर्व अवलंबून असतें.

यादीबाहेरच्या नशेचें सर्वांत ठळक उदाहरण मात्र मेफेड्रोन या रसायनाचें, ज्याला बाजारांत एमडी किंवा म्याऊं म्याऊं म्हणतात. हें रसायन प्रथम १९२९ सालीं तयार झालें आणि पुढें सत्तर वर्षें ग्रंथांत पडून राहिलें. या शतकाच्या पहिल्या दशकांत युरोपांत त्याचा फैलाव झाला. ब्रिटननें एप्रिल २०१० मध्यें त्यावर बंदी घातली. मुंबईंत २०१३-१४ च्या सुमारास तें तरुणांच्या टोळक्यांत शिरलें. एनडीपीएसच्या यादींत त्याचें नांव नव्हतें. पोलिसांना पुडी सांपडे, माणूस सांपडे, पण कलम सांपडत नसे. केंद्र सरकारनें ५ फेब्रुवारी २०१५ रोजीं तें यादींत घातलें. ४ फेब्रुवारीस ज्याच्या खिशांत तें होतें, त्याला या कायद्यानें शिक्षा करणें अशक्य होतें. कारण कृत्य घडलें त्या वेळीं तें गुन्हा नसेल तर मागाहून केलेल्या कायद्यानें शिक्षा देतां येत नाहीं, असें संविधानाच्या विसाव्या अनुच्छेदांत आहे. हें तत्त्व नागरिकांच्या रक्षणासाठीं आहे व तें असलेंच पाहिजे. पण रसायनशाळेंत एका रेणूचा कोपरा बदलून नवा पदार्थ करणाऱ्यास त्याचा फायदा मिळतो, हेंही खरें. अमेरिकेनें १९८६ सालीं 'सदृश पदार्थां'चा कायदा करून ही फट बुजविण्याचा प्रयत्न केला. ब्रिटननें २०१६ सालीं तर उलटीच वाट धरली: मनावर परिणाम करणारा प्रत्येक पदार्थ विकण्यास बंदी, आणि मद्य, तंबाखू, चहा-कॉफी, अन्न व औषधें यांना तेवढी सूट. भारतांत आजही यादीचीच पद्धत आहे. केंद्र सरकार अधिसूचना काढून तींत नांवें वाढवितें.

इतर कांहीं पदार्थांची स्थिति थोडक्यांत सांगतां येईल. विजेवर चालणारी वाफेची सिगारेट १८ सप्टेंबर २०१९ च्या वटहुकुमानें व नंतरच्या कायद्यानें देशभर बंद झाली. तिची आयात, विक्री, सांठा व जाहिरात हे गुन्हे आहेत, विक्रीबद्दल प्रथम अपराधास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ओढणाऱ्यास मात्र त्या कायद्यांत शिक्षा नाहीं. हुक्क्याचीं दुकानें महाराष्ट्रानें २०१८ च्या दुरुस्तीनें बंद केलीं. मुंबईंतील कमला मिलच्या आवारांत २९ डिसेंबर २०१७ रोजीं लागलेल्या आगीनंतर हा विषय विधिमंडळापुढें आला होता. मराठवाड्यांत 'बटन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या झोपेच्या गोळ्या, नायट्राझेपाम वा अल्प्राझोलाम, या औषधच आहेत; त्या डॉक्टरच्या चिठ्ठीवांचून विकणें निषिद्ध आहे व औषधविक्रेत्यानें त्यांची स्वतंत्र वही ठेवावी लागते. चिठ्ठीबाहेर त्यांचा व्यवहार एनडीपीएसखालीं येतो. आणि सर्वांत स्वस्त नशा, म्हणजे रंगाचें थिनर किंवा सायकलच्या पंक्चरचें सोल्यूशन हुंगणें, ही त्या यादींत मुळींच नाहीं. तीं कामाचीं द्रव्यें आहेत. त्यांना यादींत घालावें तर सायकलदुरुस्तीवाल्यानें काय करावें? पहिल्याच वेळीं हुंगण्यानें हृदय बंद पडून मृत्यु आल्याचीं उदाहरणें वैद्यकाला ठाऊक आहेत. धोतऱ्याची गोष्टही तशीच: तोंड कोरडें पडणें, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारणें, भ्रम होणें, नंतर बेशुद्धि. जुन्या काळीं वाटसरूंना लुटणारे याच बियांचा उपयोग करीत. एवढें असूनही 'बंदी नाहीं' हें वाक्य या दोहोंबद्दल पूर्णपणें खरें आहे.

आतां मूल पकडलें गेलें तर काय होतें, हा पालकांचा खरा प्रश्न. एनडीपीएस कायदा वजनावर चालतो. गांजा एक किलोपर्यंत 'अल्प' व वीस किलो झाला कीं 'व्यापारी' प्रमाण. चरसाचें तेंच शंभर ग्राम व एक किलो. मेफेड्रोनचें अवघे दोन ग्राम व पन्नास ग्राम. अल्प प्रमाणास एक वर्षापर्यंत कैद वा दहा हजारांपर्यंत दंड वा दोन्ही. व्यापारी प्रमाणास दहा ते वीस वर्षें सक्तमजुरी व कमींत कमी एक लाख दंड. वजन करतांना पुडींतील भेसळही धरावयाची, असें सर्वोच्च न्यायालयानें २२ एप्रिल २०२० रोजीं ठरविलें. शुद्ध द्रव्य थोडेंच होतें हा बचाव त्या दिवसापासून संपला. शिवाय आरोपीच्या मनांत गुन्ह्याची जाणीव होती असें ३५ व्या कलमानें गृहीत धरलें जातें. नव्हती, हें त्यानें सिद्ध करावें लागतें. मित्रानें दिलेली पिशवी लातूरच्या क्लासहून येतांना बसमधून घेऊन येणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलाला हें कलम कोणी शिकविलेलें नसतें.

अठरा वर्षांखालील मुलाला पोलीस-कोठडींत किंवा तुरुंगांत ठेवतां येत नाहीं. चोवीस तासांच्या आंत त्याला बालन्याय मंडळापुढें उभें करावें लागतें. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या बाबतींत मंडळ समुपदेश, समाजसेवा, पालकांच्या स्वाधीन करणें असे मार्ग घेऊं शकतें. मात्र ज्या अपराधास कमींत कमी सात वर्षांची शिक्षा आहे तो 'घोर' अपराध मानला जातो, आणि व्यापारी प्रमाण त्यांत येतें. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाबाबत मंडळ अशा वेळीं त्याच्या समजुतीची प्राथमिक तपासणी करितें, व त्यावरून त्याचा खटला प्रौढाप्रमाणें चालविण्यासाठीं बाल न्यायालयाकडे पाठवितां येतो. मुलांना वाहक म्हणून वापरणाऱ्या माणसास ७८ व्या कलमाखालीं सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाखापर्यंत दंड आहे. म्हणून पिशवी कोणी दिली हें मुलानें सांगणें त्याच्याच हिताचें असतें. घरांत भीतीनें तोंड बंद झालेलें मूल मंडळापुढेंही बोलत नाहीं, हें अनेकदां घडतें.

पुष्कळ कुटुंबें गुन्हा नोंदला जाईल या धास्तीनें दवाखान्यांत जाण्याचेंच टाळतात. ही धास्ती बहुतांशीं अनाठायीं आहे. त्याच एनडीपीएस कायद्याच्या ६४-अ या कलमांत असें आहे कीं, सेवनाच्या अथवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्याचा आरोप असलेला व्यसनी जर स्वेच्छेनें सरकारी किंवा सरकारमान्य रुग्णालयांत अगर संस्थेंत व्यसनमुक्तीचे उपचार घेईल, तर त्याच्यावर त्या गुन्ह्याबद्दल खटला चालणार नाहीं. उपचार अर्धवट सोडल्यास ही सवलत काढून घेतां येते. या जिल्ह्यांत अंबाजोगाई येथें स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नांवाचें सरकारी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे, आणि केंद्र सरकारच्या १४४४६ या निःशुल्क दूरध्वनिक्रमांकावर व्यसनाबाबत सल्ला व जवळच्या उपचारकेंद्राची माहिती मिळते.